जुन्या टॉप-लोड वॉशिंग मशीनमधून पाणी गळतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आठ-दहा-पंधरा वर्षं चाललेल्या, वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिक मशीनसाठी आहे. बाहेरून पत्र्याची बॉडी, आत प्लास्टिकचा मोठा टब, त्यात स्टीलचा भोकांचा ड्रम, खाली मोटर, बेल्ट आणि क्लच (मशीन घुसळण्यावरून पिळण्यावर नेणारा भाग) अशी ही मशीनं घरोघरी आहेत आणि नीट ठेवली तर अजून बरीच वर्षं चालतात. गळती लागली की "आता नवीनच घ्या" असा सल्ला लगेच मिळतो. पण बहुतेक गळत्या रबराच्या एखाद्या छोट्या तुकड्यापाशी सुरू होतात. तो तुकडा कुठला, एवढंच शोधायचं असतं. सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

मशीनखाली पाणी दिसलं. सगळ्यात आधी काय करू?

भिंतीवरचं बटण बंद करा, मग कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून प्लग काढा. बटण किंवा सॉकेटच ओलं असेल तर त्याला हात लावू नका, घराचा मेन स्विच पाडा. त्यानंतर नळ बंद करा. टबात पाणी असेल तर मशीन ओढू नका, कलती करू नका. भरलेल्या टबाचं वजन सस्पेंशन रॉडवर लटकलेलं असतं आणि ओढाताणीत चांगला रॉड निसटतो. मगाने पाणी काढा, जमीन पुसून पूर्ण कोरडी करा. कोरड्या जमिनीशिवाय पुढचा शोध लागत नाही.

गळती नेमकी कुठून आहे हे मशीन न उघडता कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. पाणी कुठे साचलं यापेक्षा ते कधी आलं हे जास्त सांगून जातं. जमीन उताराची असते, पाणी मागून गळून पुढच्या पायापाशी दिसतं, म्हणून जागेवर विसंबू नका. वेळ पाहा.

मशीनखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि कपडे न टाकता, साबण न टाकता एक पूर्ण फेरा चालवा. समोर स्टूल टाकून बसा. हा तासभर पुढचा बराच खर्च वाचवतो.

पाणी भरत असतानाच कागद भिजला तर नळ, इनलेट होज (नळापासून मशीनपर्यंतची नळी), इनलेट व्हॉल्व्ह (मशीनमध्ये पाणी सोडणारी, विजेवर चालणारी झडप) किंवा साबणाची पेटी. भरून झाल्यावर, मशीन नुसती उभी असतानाही थेंब पडत असतील तर टब, टबाचं सील (तळाच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारं रबर) किंवा ड्रेन व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या, जोडाचा रबर. घुसळताना थेंब वाढत असतील तर सीलचा संशय पक्का होत जातो. पाणी सोडतानाच ओघळ आला तर ड्रेन पाइप किंवा जमिनीतली मोरी. फक्त पिळताना आलं तर टब जास्त हलतोय किंवा आतला एखादा पाइप सैल आहे. आणि मशीन बंद असताना, रात्रीतून पाणी साचलं तर नळापासून इनलेट व्हॉल्व्हपर्यंतचाच भाग तपासायचा, कारण नळ उघडा असला की तेवढ्याच भागात कायम दाब असतो.

एक भर घालतो. कोणता कागद आधी भिजला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मेकॅनिकला फोनवर समजावण्यापेक्षा तो फोटो दाखवणं सोपं पडतं.

नीळ टाकून तपासतात म्हणे. ते कसं?

ही माझी सर्वांत आवडती चाचणी आहे, कारण ती फसवत नाही. टबात अर्ध्यापर्यंत पाणी भरू द्या, मशीन थांबवा आणि कपड्यांना घालायची पातळ नीळ झाकणभर टाका. एकदा हाताने ढवळा. आता थोडा वेळ मशीन घुसळू द्या आणि खालचे कागद बघा.

कागदावर निळं पाणी आलं तर ते टबातून खाली येतंय. स्वच्छ पाणी आलं तर ते टबात पोचण्याआधीच, म्हणजे होज, व्हॉल्व्ह किंवा पेटीपाशी निसटतंय. या एका फरकाने निम्मी मशीन संशयातून बाहेर पडते. मागचा पत्रा काढलेला असेल तर निळा ओघळ कुठून सुरू होतो तेही दिसतं. चाचणी झाली की साध्या पाण्याचा एक फेरा मारा, नाहीतर पुढच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतील.

नळापाशीच थेंब थेंब गळतंय. टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी थांबत नाही.

टेप चुकीच्या जागी लागली असणार. नळ भिंतीत बसतो तिथल्या आट्यांवर टेप लागते. होजचं प्लास्टिकचं नट जिथे बसतं तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला रबरी वायसर अडवतो. तो चपटा, कडक किंवा चिरलेला असेल तर टेपचे कितीही वेढे घाला, उपयोग नाही. वायसर बदला, काही रुपयांचं काम आहे. नट हाताने घट्ट करा, मग पकडीने अगदी थोडं. जोर लावला तर प्लास्टिकचं नट चिरतं.

जुन्या घरांत साध्या पितळी तोटीवर चार स्क्रूंचा अडॅप्टर बसवलेला असतो. हा अडॅप्टर म्हणजे गळतीचं माहेरघर. चार स्क्रू सारखे आवळले गेले नाहीत की तो तिरका बसतो, आणि पाण्याच्या धक्क्यांनी हळूहळू खाली सरकतो. पूर्ण निसटला तर घरभर पाणी. माझं मत स्पष्ट आहे: तो दुरुस्त करत बसू नका. प्लंबरकडून वॉशिंग मशीनचा वेगळा कॉक बसवून घ्या. भिंतीकडे अर्धा इंची आणि पुढे होजसाठी पाऊण इंची आटे असतात, होज थेट त्यावर बसते.

होज मशीनच्या मागे जिथे बसते तिथे ओलं आहे.

आधी तिथलाही वायसर पाहा. मग होज काढून व्हॉल्व्हच्या तोंडातली बारीक जाळी पकडीने अलगद ओढून काढा आणि ब्रशने धुवा. नट पुन्हा बसवताना पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा. अडकत असेल तर आटा तिरका चढतोय, काढून पुन्हा सुरुवात करा. व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असतो, तिरक्या आट्याने त्याच्या मानेला केसाएवढी चीर जाते आणि ती फक्त दाब असताना ठिबकते. अशा चिरेवर लेप देऊ नका, व्हॉल्व्ह बदला. दोन-तीन स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम असतं.

होज स्वतः कडक झाली असेल, वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक चिरा दिसत असतील किंवा कुठे फुगवटा आला असेल तर ती आजच बदला. पाच-सहा वर्षं झालेली रबरी होज दिसायला चांगली असली तरी बदललेली बरी.

मशीन बंद असते, तरी टबात पाणी जमतं.

इनलेट व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा नीट बसत नाही. वाळूचा कण, गंजाचा कण किंवा क्षाराचा थर मध्ये अडकतो. खात्री करायची असेल तर मशीन पाणी भरत असताना बटण बंद करा. वीज गेली तरी पाणी येतच राहिलं तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. वीज जाताच पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे आणि त्याला चुकीचा आदेश देणारा भाग, म्हणजे प्रेशर स्विच (पाण्याची पातळी ओळखणारा) किंवा कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), बिघडलंय.

पाणी भरतच राहतं, थांबत नाही. हे गळतीतच मोजायचं का?

हो, आणि ही गळती फसवी असते. बहुतेक टॉप-लोड टबांना वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं तोंड असतं आणि ते ड्रेन पाइपला जोडलेलं असतं. त्यामुळे जास्तीचं पाणी जमिनीवर न येता गुपचूप मोरीत जातं. गच्चीवरची टाकी रिकामी होते आणि कारण कळत नाही.

टबाच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते, तिच्यापासून वर प्रेशर स्विचपर्यंत बारीक नळी गेलेली असते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला पाण्याची पातळी कळते. नळीला भोक पडलं, ती टोकाला सैल झाली किंवा कुपीत साबणाचा गाळ बसला की मशीनला टब रिकामाच वाटत राहतो. वरचं पॅनल उघडून नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का पाहा. टोक कडक होऊन फाकलं असेल तर तेवढा सेंटिमीटरभर तुकडा कापून नळी पुन्हा बसवा. प्रेशर स्विच विकत घेण्याआधी हे करून बघाच.

साबणाच्या पेटीतून पुढे पाणी ओघळतं.

पेटीत पावडरचा दगड झालाय. पेटी बाहेर काढून कोमट पाण्यात भिजवा, तिच्या वरच्या छपरातली भोकं जुन्या दातांच्या ब्रशने घासा. पाण्याचा दाब फार असेल तर नळ पूर्ण न उघडता थोडा कमी ठेवा.

फेस बाहेर येतो. साबण कमी करायचा की काही बिघडलंय?

साबण. बादलीसाठीची जास्त फेसाची पावडर मशीनमध्ये वापरू नका. टॉप-लोडसाठीची पावडर किंवा लिक्विड घ्या आणि डब्यावर लिहिलंय त्याहून थोडं कमीच टाका. फेस ओव्हरफ्लोच्या तोंडातून आणि टबाच्या कडेवरून खाली उतरतो, मोटरवर पडतो, वायरींच्या जोडांमध्ये शिरतो.

जमिनीवर थेंबही नाही, पण टबातलं पाणी आपोआप कमी होतं.

ड्रेन व्हॉल्व्ह. जुन्या मशीनमध्ये या दोषाचं प्रमाण इतकं आहे की यावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक टॉप-लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप नसतो. टबाच्या तळाशी एक झडप असते, ती उघडली की पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं. झडपेत स्प्रिंगवर बसलेला रबरी बेलो असतो, मेकॅनिक त्याला ड्रेन सील किंवा नुसतं बेलो म्हणतात. पाणी सोडायची वेळ झाली की ड्रेन मोटर एक दांडी ओढते. त्या ओढीने झडप उघडते आणि त्याच वेळी क्लचचा लिव्हर सरकून मशीन घुसळण्यावरून पिळण्यावर जाते. मोटर सुटली की स्प्रिंग झडप बंद करते.

आता या झडपेच्या बैठकीवर काय काय येऊन बसतं पाहा: शर्टाचं बटण, हेअरपिन, सुताच्या गाठी, चप्पट झालेलं नाणं, लहान मुलांच्या फ्रॉकवरचे मणी. एक जाड धागा आडवा बसला तरी झडप पूर्ण मिटत नाही. पाणी सतत मोरीत झिरपतं, मशीन कमी झालेलं पाणी पुन्हा भरते, पुन्हा झिरपतं. वेळ वाढतो, पाणी दुप्पट लागतं, कपड्यांत साबण राहतो.

तपासायला टब भरा, मशीन थांबवा, पाण्याच्या पातळीवर ड्रमला चिकटपट्टीची खूण लावा आणि अर्ध्या तासाने पाहा. सोबत ड्रेन पाइपचं तोंड कोरड्या ताटात ठेवा. ताटात पाणी आलं आणि पातळी खाली गेली तर झडप गळतेय. टब काठोकाठ भरलेला असेल तर मात्र हे पाणी ओव्हरफ्लोचंही असू शकतं, म्हणून चाचणी अर्ध्या टबावर करा.

सफाईसाठी प्लग काढा, टब रिकामा करा, मागचा पत्रा उघडा किंवा मशीन कलती करून खालून पाहा. मशीन आडवी पाडायची नाही. दोघांनी धरून भिंतीला टेकवायची आणि पायांखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. झडपेचं झाकण अनेक मॉडेलमध्ये हाताने किंवा पकडीने फिरवून निघतं. दांडीचा आकडा कुठे अडकला होता याचा फोटो आधी घ्या. बेलो बाहेर काढा, कडेवरून बोट फिरवा. कड गुळगुळीत आणि लवचिक असेल तर धुऊन परत बसवा. कडक, कातरलेली किंवा फुगलेली असेल तर नवीन बेलो घ्या. बैठकीवरचा क्षार कापडाने काढा, सुरीने खरवडू नका, ओरखड्यातून पुन्हा पाणी जाईल.

बेलो नवीन टाकूनही गळत असेल तर दांडी ताणलेली राहिलीय का पाहा. मोटर सुटल्यावर दांडीत किंचित ढील हवी. ढील नसेल तर झडप अर्धवट उघडीच राहते.

ड्रेन पाइपला भोकं पडलीत. उंदीर?

बहुधा. टॉप-लोड मशीनचा तळ उघडा असतो. पावसाळ्यात उंदीर घरात शिरले की ती कोरडी, अंधारी जागा त्यांना आवडते. पाइप कुरतडतात आणि त्याहून वाईट म्हणजे वायरी कुरतडतात. म्हणून पाइप बदलताना आतल्या वायरी एकदा नीट बघून घ्या. कुरतडलेली वायर उघडी दिसली तर ती जोडून घेईपर्यंत मशीन सुरू करायची नाही. तळाला बसणारी जाळी किंवा झाकण मिळतं, ते लावा. पाइपच्या भोकाला चिकटपट्टी गुंडाळणं दोन धुण्यांपुरतं ठीक, पण पन्हाळीसारखा सुरकुत्यांचा पाइप असल्यामुळे पट्टी धरून राहत नाही.

नवीन पाइप घालताना तो जमिनीलगत, उताराने मोरीकडे जाऊ द्या. पंप नसलेल्या मशीनचा पाइप बेसिनवर किंवा बादलीच्या काठावर चढवला तर पाणी उतरणारच नाही.

खालच्या मजल्यावरचे म्हणतात त्यांच्या छताला ओल आली. आमच्या मशीनचा दोष मानायचा का?

लगेच मानू नका आणि लगेच नाकारूही नका. पाणी सोडताना न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे मोरीच्या तोंडाशी लादीत बसवलेल्या जाळीच्या भांड्याकडे, बघा. टॉप-लोड मशीन भरलेला टब काही मिनिटांत रिकामा करते. ट्रॅपमध्ये केस, धागे, साबणाचा लगदा असेल तर तेवढं पाणी एकदम जात नाही, उलट वर येऊन लादीवर पसरतं आणि मशीनच गळतेय असं वाटतं.

दोन-तीन दिवस पाइपचं पाणी न्हाणी ट्रॅपमध्ये न सोडता मोठ्या टपात घ्या आणि दुसऱ्या मोरीत ओता. खालची ओल वाढायची थांबली तर दोष ट्रॅपच्या जोडात किंवा लादीच्या सांध्यात आहे, मशीन निर्दोष. छत वाळायला वेळ लागतो, म्हणून खालच्यांना डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवायला सांगा. डाग रेघेबाहेर गेला की नाही, यावर बोलणं झालं तर सोसायटीत भांडण होत नाही.

फक्त पिळताना पाणी उडतं आणि मशीन नाचते.

चादर एका बाजूला गोळा झाली असेल तर कपडे सारखे करा. रिकामा ड्रमही आपटत असेल तर टब चार सस्पेंशन रॉडवर सारखा लटकलाय का ते बघा. हाताने टब एका कोपऱ्यात दाबून सोडा. तो एकदोनदा हलून थांबला पाहिजे. झुलतच राहिला किंवा एका बाजूला कललेला दिसला तर रॉड थकलेत. चारही एकदम बदला, एकच नवीन टाकला तर टब पुन्हा तिरका बसतो. टब आपटून आपटून आतल्या ड्रेन पाइपची क्लिप सैल होते आणि खरी गळती तिथून सुरू होते, ती क्लिपही पाहा.

मशीनच्या बरोबर मधोमध तपकिरी पाण्याचे थेंब पडतात. पिळताना घरघर आवाजही येतो.

हे टबाचं सील आहे आणि यात दिरंगाई करू नका.

टबाच्या तळातून क्लचचा शाफ्ट वर येतो. शाफ्ट फिरतो, टब स्थिर असतो आणि दोघांच्या मध्ये पाणी अडवायला रबरी सील असतं. वर्षानुवर्षं फिरून सीलची ओठासारखी कड झिजते. पाणी शाफ्टवरून खाली बेअरिंगमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन नेतं, बेअरिंग गंजतं. तो गंज मिसळून थेंब तपकिरी होतात आणि सुकलेलं बेअरिंग घरघरतं. थेंब सुरू झाले आणि आवाज अजून नाही, एवढ्यात सील बदललं तर बरेचदा काम सीलवर भागतं. आवाज सुरू झाल्यावर बेअरिंगही जातं. त्यानंतरही ओढत राहिलात तर शाफ्टवर खाच पडते आणि मग अख्खा क्लच बदलावा लागतो. पहिल्या टप्प्याचा खर्च शेकड्यांत असतो, शेवटच्या टप्प्याचा हजारांत.

हे सील घरी बदलता येईल का?

हत्यारांची सवय असेल तर येईल, नसेल तर हे काम सोपवा. यात काय काय असतं ते सांगतो, म्हणजे मेकॅनिक करत असेल तरी तुम्हाला लक्ष ठेवता येईल.

मधला स्क्रू काढून पल्सेटर, म्हणजे तळाची चकती, वर उचलायची. खाली ड्रम धरून ठेवणारं मोठं नट असतं. त्याला मोठा बॉक्स पाना लागतो. काही मॉडेलमध्ये या नटाचे आटे उलटे असतात, म्हणून हलत नसेल तर हातोड्याने झोडपण्याआधी दिशा तपासा. नट निघालं तरी गंजामुळे ड्रम शाफ्टला चिकटलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि ड्रम दोन्ही बाजूंनी सारखा उचला. एका बाजूने उचकटला तर प्लास्टिकचा टब तडकतो.

जुनं सील काढल्यावर त्यावरचे तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. बेअरिंगवरही नंबर असतो. ६००४ म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर, ६००५ म्हणजे २५. हे नंबर जगभर सारखे आहेत, त्यामुळे कंपनीचा पार्ट मिळाला नाही तरी बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात जोडीचं बेअरिंग मिळतं.

शाफ्टवर नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवीन सील टिकणार नाही, हे आत्ताच मान्य करा. नुसता मळ किंवा हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार साफ करा. नवीन सीलच्या ओठाला सिलिकॉन ग्रीस लावा आणि जुन्या सीलच्या आकाराचा पाइपचा तुकडा वर ठेवून सारखं दाबत बसवा. बाजू उलटी होऊ देऊ नका. जुनं सील कसं बसलं होतं याचा फोटो इथेही उपयोगी पडतो.

टबाला तडा गेलाय. एम-सील लावू का?

नको. हे टब बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, तळाशी 'पीपी' असं उमटवलेलं दिसतं. या प्लास्टिकला एम-सील, फेविक्विक, साधं इपॉक्सी काही नीट धरत नाही. सुकल्यावर घट्ट वाटतं, आणि टब गरगर फिरणाऱ्या ड्रमाबरोबर थरथरला की लेप पापडीसारखा सुटतो. तडा लहान असेल आणि कडेला असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी गरम सोल्डरिंगने वितळवून वेल्डिंग करणारे कारागीर असतात. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. तळात, शाफ्टजवळ तडा असेल तर टब बदलण्याला पर्याय नाही.

ड्रमच्या वरच्या कडेतून पाणी येतं आणि सुकल्यावर पांढरे कण राहतात.

ड्रमच्या वरच्या काठाला जी पोकळ प्लास्टिकची कडी असते, ती बॅलन्स रिंग. तिच्यात मिठाचं पाणी बंद केलेलं असतं. पिळताना ते पाणी हलक्या बाजूला सरकतं आणि तोल साधतो. रिंग तडकली की ते खारट पाणी बाहेर येतं, पत्रा गंजवतं, आणि थोड्याच दिवसांत मशीन प्रत्येक पिळणीला आपटायला लागते. रिंग किंवा ड्रम बदलावा लागतो. गळती छोटी आणि आपटणं मोठं, अशी जोडी दिसली की इथे पाहा.

आमची सेमी-ऑटोमॅटिक आहे.

धुण्याच्या बाजूला ड्रेन व्हॉल्व्ह आणि पल्सेटरखालचं सील, हे दोनच मुख्य. ड्रेनचं बटण दोरीने झडप ओढतं, दोरी ताणलेली राहिली तर झडप मिटत नाही. पिळायच्या बाजूला शाफ्टभोवती रबरी बेलो असतो. तो फाटला की पिळतानाचं पाणी थेट खालच्या स्पिन मोटरवर पडतं, म्हणून ती बाजू गळत असेल तर वापर लगेच थांबवा.

मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात.

वापर बंद, याच क्षणी. गळतीचं पाणी वायरीपर्यंत पोचलंय किंवा घराचं अर्थिंग नाही किंवा दोन्ही. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग येतंय का हे तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. प्लग काढल्यावरही मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, त्याच्या टोकांना हात लावू नका. लाकडी पाट टाकून मशीन वापरणं हा उपाय नाही.

बोअरचं पाणी आहे. त्यामुळे गळती होते का?

थेट नाही, पण क्षाराने प्रत्येक रबरी भाग लवकर कडक होतो आणि झडपांच्या बैठका खडबडीत होतात. दर दोन-तीन महिन्यांनी इनलेटची जाळी धुवा. टबात कोमट पाणी भरून त्यात थोडं सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवा. तासभर ठेवून दोनदा साध्या पाण्याने फिरवा. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पाणी थांबतं तेव्हा पाइपात धाडकन आवाज येतो. त्याचा गळतीशी संबंध आहे?

आहे. व्हॉल्व्ह एकदम मिटतो आणि धावतं पाणी त्यावर आदळतं. टाकीपासून दर दहा मीटर खाली दाब सुमारे १ बारने वाढतो, म्हणून उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर हा धक्का जास्त बसतो आणि त्यानेच नट सैल होतात. नळ थोडा कमी उघडा आणि वापर नसताना पूर्ण बंद ठेवा.

मेकॅनिक आला की काय विचारू?

निळीच्या चाचणीचा निकाल आणि फोटो आधी दाखवा. "क्लच गेला" असं उत्तर मशीन न उघडताच आलं तर पल्सेटर काढून सील दाखवायला सांगा. बदललेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. बिलावर पार्टचं नाव आणि त्याची हमी लिहून घ्या. पैसे घेऊनही काम झालं नाही आणि दादही लागेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

मॉडेल बंद झालंय, पार्ट मिळत नाही म्हणतात.

मॉडेल बंद झालं तरी पार्ट बंद झाला असं नसतं. तेच बेलो, तोच इनलेट व्हॉल्व्ह, तीच ड्रेन मोटर अनेक मॉडेलमध्ये आणि अनेक कंपन्यांत चालते. जुना पार्ट खिशात घालून दुकानात जा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड हे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचे जुने बाजार, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. तालुक्याच्या गावी बेअरिंगचं दुकान आणि मशीन दुरुस्त करणारा जुना कारागीर, या दोघांना विचारा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलंय. तिथे सहभागी कंपन्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

मग नवीन मशीन कधी घ्यावी?

पत्र्याचा तळ गंजून पायांचा आधार गेला असेल, किंवा टब, क्लच आणि कार्ड यांतल्या दोन गोष्टी एकदम गेल्या असतील तर. नुसत्या गळतीसाठी चालती मशीन भंगारात देऊ नका. होज, वायसर, बेलो, इनलेट व्हॉल्व्ह, प्रेशर स्विचची नळी या पाच जागा तपासल्याशिवाय कुणी नवीन घ्यायला सांगत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

दुरुस्ती झाली. पुन्हा गळणार नाही हे कसं कळेल?

पत्रा लावायची घाई करू नका. मागून उघडी असतानाच, सगळ्या वायरी बांधलेल्या आहेत हे बघून, कोरडे कागद पसरा आणि एक फेरा रिकामा, एक फेरा कपड्यांसह चालवा. मशीन चालू असताना आत हात घालायचा नाही, टॉर्चने बघायचं. नवीन सील पहिल्या फेऱ्याला एखादा थेंब सोडू शकतं. दुसऱ्या फेऱ्यालाही थेंब दिसला तर ते नीट बसलेलं नाही. बदललेल्या भागाचं नाव आणि तारीख कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या वेळी जो कोणी मशीन उघडेल त्याला कामाला येईल.